मान दुखते म्हणून आलेला रुग्ण: नव्या फिजिओथेरपिस्टसाठी तपासणी आणि उपचारांचा क्रम

मानदुखीचा रुग्ण ओपीडीत येतो तेव्हा त्याच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं आणि निदानही तोंडावर तयार असतं. "स्पाँडिलायटिस आहे", "मणक्यात गॅप आलाय", "नस दबलीय". चिठ्ठीवर शेक, ट्रॅक्शन (यंत्रानं मान ओढणं), व्यायाम एवढंच लिहिलेलं असतं. इंटर्नशिपमध्ये किंवा पहिल्या नोकरीत बाहेर रांग लागलेली असताना चिठ्ठीप्रमाणे मशीन लावून मोकळं व्हायचा मोह होतो. पण 'मानदुखी' या एका शब्दाखाली चार वेगवेगळी दुखणी येतात. एकाला लागू पडणारा उपचार दुसऱ्याला निरुपयोगी असतो, आणि क्वचित धोक्याचाही. म्हणून तपासणीतली प्रत्येक गोष्ट "हिचं उत्तर कळलं तर मी उपचारात काय बदलेन?" या प्रश्नासाठी करायची. हा क्रम पहिल्या भेटीत ४० ते ४५ मिनिटांत बसतो.

पायरी १: हात लावण्याआधीची दहा मिनिटं

बॉडी चार्ट (शरीराचं छापील रेखाचित्र) घ्या आणि दुखण्याची जागा रुग्णाला स्वतःच्या बोटानं दाखवायला सांगा. "मान दुखते" म्हणताना कुणी कवटीच्या खालची कड दाखवतो, कुणी खांद्याचा गोळा, तर कुणी पाठीच्या फऱ्याची आतली कड. "खवाट्यात ठसठसतं" असं सांगणाऱ्यांचं मूळ बऱ्याचदा मानेच्या खालच्या मणक्यांत असतं. तिथे खवाट्यावर कितीही मालिश केलं तरी दोन तासांनी ठसठस परत येते. हातात मुंग्या असतील तर नेमकं कुठलं बोट ते विचारा. "सगळा हात" हे उत्तर मान्य करू नका. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी तिन्ही वेगवेगळी विचारा.

मग कधीपासून, कशानं सुरू झालं, कशानं वाढतं, आणि वाढल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो. या शेवटच्या प्रश्नाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. दहा मिनिटं भांडी घासली आणि रात्रभर हात ठणकला, अशा रुग्णाच्या सगळ्या चाचण्या पहिल्याच दिवशी केल्या तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. तिथे तपासणी आवरती घ्या आणि दुखणं जिथे सुरू होतं तिथेच हालचाल थांबवा. दुखणं ६ आठवड्यांच्या आतलं असेल तर नवं, ६ ते १२ आठवड्यांचं मधल्या टप्प्यातलं आणि त्यापुढचं जुनं, अशी नोंद ठेवा. पुढे उपचार ठरवताना ती लागते.

"व्यवसाय?" असं विचारलं की "घरकाम" किंवा "शेती" एवढंच उत्तर मिळतं. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता?" असं विचारा. मग उसाची मोळी डोक्यावरून ट्रकवर चढवणं, पट्टे खांद्यात रुतणारा फवारणीचा पंप, दिवसाचे आठ तास मान खाली घालून शिलाई, खड्ड्यांच्या रस्त्यावर रोजची दुचाकी, हे सगळं बाहेर येतं. सलूनमध्ये मान मोडून घ्यायची सवय आहे का, हेही विचारा. ती असेल आणि दुखणं त्यानंतर सुरू झालं असेल, तर पुढच्या पायरीतला रक्तवाहिन्यांचा भाग दुप्पट लक्ष देऊन तपासा.

आता आकडे. दुखण्याची तीव्रता ० ते १० मध्ये. त्याशिवाय रुग्णाला अडणारी तीन कामं त्याच्याच शब्दांत लिहून प्रत्येकाला ० ते १० गुण, म्हणजे ० जमतच नाही आणि १० पूर्वीसारखं जमतं. नेक डिसअॅबिलिटी इंडेक्स (मानदुखीनं रोजची कामं किती अडतात हे मोजणारी प्रश्नावली) हाही भरून घ्या. त्यात १० विभाग असतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण, म्हणजे एकूण ५०. ५ ते १४ म्हणजे सौम्य, १५ ते २४ मध्यम, २५ ते ३४ तीव्र अडचण. त्यात वाहन चालवण्याचा आणि वाचनाचा विभाग आहे. जी बाई गाडी चालवतच नाही तिच्या त्या रकान्यात अंदाजाने शून्य टाकू नका. तो विभाग वगळा आणि बेरीज ४५ पैकी धरून टक्केवारी काढा.

पायरी २: धोक्याच्या खुणा

हा भाग सावकाश करा. इथली चूक व्यायामानं भरून निघत नाही.

*मार लागलेला असेल तर.* पडल्यावर किंवा अपघातानंतर आलेल्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णासाठी कॅनेडियन सी-स्पाइन नियम वापरा. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. वय ६५ किंवा जास्त, धोकादायक मार (३ फुटांवरून किंवा ५ पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर उभा दाब येणं, वेगातल्या गाडीचा अपघात, सायकलची टक्कर), किंवा हातापायांत मुंग्या, यांपैकी एकही गोष्ट असेल तर आधी इमेजिंग. यांतलं काही नसेल, तर मान तपासणं सुरक्षित आहे असं सांगणारी निदान एक गोष्ट हवी: मागून साधी धडक बसलेली असणं, रुग्ण बसून असणं, अपघातानंतर चालू शकलेला असणं, दुखणं उशिरा सुरू झालेलं असणं, किंवा मधल्या रेषेत मणक्यावर दाबल्यावर न दुखणं. तेव्हाच त्याला स्वतःहून मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळवायला सांगा. वळली तर एक्स-रेची गरज नाही. मार लागल्याच्या दिवशीच तुम्ही हातानं मान वळवून बघणं मात्र पूर्ण निषिद्ध.

*मज्जारज्जूवर दाब.* हा सगळ्यांत जास्त निसटतो, कारण यात मान फारशी दुखत नसते आणि रुग्ण हातापायांच्या तक्रारी "वयामुळे" म्हणून सोडून देतो. प्रश्न साधे ठेवा. "काका, शर्टाची बटणं लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का?" "मावशी, सुईत दोरा ओवताना, भाकरी थापताना हात जड वाटतो का?" "चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, असं होतं का?" चपलेचा प्रश्न आपल्याकडे फार कामाचा आहे. बूट घालणाऱ्या माणसाला तो विचारून उपयोग नाही, पण स्लिपर घालणारा लगेच सांगतो. रात्री अंधारात तोल जातो का आणि लघवीवर ताबा आहे का, हेही विचारा.

मग पाच गोष्टी तपासा: चाल अडखळत किंवा पाय फाकवून आहे का, हॉफमन, उलटा सुपिनेटर, बॅबिन्स्की (तळपाय खरवडल्यावर पायाचा अंगठा वर उठणं), आणि वय ४५ च्या वर आहे का. पाचपैकी तीन किंवा अधिक असतील तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता फार मोठी. एकच असेल किंवा एकही नसेल तर शक्यता बरीच कमी होते. हॉफमन करताना रुग्णाचा हात तुमच्या हातात पूर्ण सैल पडलेला हवा. मधल्या बोटाचं मधलं पेर तुमच्या दोन बोटांत धरा आणि अंगठ्याच्या नखानं त्याच्या नखाचं टोक खालच्या दिशेनं झटकन सोडा. रुग्णाचा अंगठा किंवा तर्जनी आत वळली तर चाचणी पॉझिटिव्ह. हात ताठ ठेवलेला असेल तर ती खोटी निगेटिव्ह येते, म्हणून आधी हात दोन-तीनदा हलवून सैल करून घ्या. उलट्या सुपिनेटरमध्ये मनगटाजवळ ब्रॅकिओरेडिअॅलिसवर हातोडी मारल्यावर कोपर वाकण्याऐवजी बोटं मिटतात. आणखी एक सोपी मोजणी म्हणजे १० सेकंदांत मूठ पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची. २० पेक्षा कमी वेळा झाली तर सावध व्हा. यातलं काही जुळत असेल तर त्या दिवशी ट्रॅक्शन, मोबिलायझेशन (हातानं सांधे हळूहळू हलवणं) काही नाही. रुग्णाला न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जनकडे पाठवा.

*रक्तवाहिन्या.* मानेतल्या धमनीचा आतला थर फाटणं दुर्मीळ आहे, पण त्याचं पहिलं लक्षण अनेकदा फक्त मानदुखी किंवा डोकेदुखीच असते आणि रुग्ण म्हणतो, "अशी कधीच दुखली नव्हती." चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, अचानक खाली कोसळणं, तोल जाणं, चेहऱ्यावर बधिरपणा, मळमळ, एक पापणी उतरलेली आणि त्याच बाजूची बाहुली लहान, हे सगळं विचारा आणि बघा. रक्तदाब मोजा. हे ओपीडीत फारसं कुणी करत नाही, पण मानेवर हात ठेवण्याआधी ते करायलाच हवं. पूर्वी शिकवली जाणारी, मान मागे वळवून धरून ठेवायची 'धमनीची चाचणी' यावर भिस्त ठेवू नका. ती धोका नेमका पकडत नाही.

*संसर्ग, गाठ, हृदय.* आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच स्थितीत न थांबणारं दुखणं, घरात कुणाला टीबी झाल्याचा इतिहास. यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे. जोराचा ताप आणि हनुवटी छातीकडे नेताच येत नाही अशी ताठ मान असेल तर थेट तातडीच्या विभागात. चढ चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं डाव्या मानेचं-जबड्याचं-हाताचं दुखणं हृदयाचं असू शकतं. जुना संधिवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडचा रुग्ण असेल तर पहिल्या दोन मणक्यांमधले लिगामेंट सैल झालेले असू शकतात. तिथे हातानं कुठलीही जोराची तंत्रं नाहीत.

पायरी ३: बघणं आणि हालचाल मोजणं

तपासणीला मान, खांदे आणि वरची पाठ दिसायला हवी. साडी नेसलेल्या बाईंना आधी काय करणार आहात ते सांगा, पदर कसा घ्यायचा ते त्यांनाच ठरवू द्या आणि पडदा ओढून घ्या. तपासणारा पुरुष असेल तर महिला सहकारी किंवा घरचं कुणी सोबत असावं. गळ्यातल्या साखळ्या, मंगळसूत्र, केसांतला चिमटा ही अडचण पुढे शेकाच्या वेळीही येणार आहे, तेव्हा आत्ताच सांगून ठेवा.

रुग्ण पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीवर. सहाही हालचाली त्यानं स्वतः करायच्या. साधारण अपेक्षा: पुढे वाकणं ५० अंश, मागे ६०, बाजूला ४५, वळणं ८०. वयानुसार हे कमी होत जातं, म्हणून दोन्ही बाजूंतला फरक जास्त बोलका असतो. डोळ्यांनी अंदाज बांधू नका. गोनिओमीटर नसेल तर मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. बसलेल्या रुग्णाच्या डोक्यावर फोन आडवा धरा, शून्य नोंदवा आणि वळल्यावरचा आकडा घ्या. इथे नेहमीची चूक अशी की खांदे आणि पाठही सोबत वळतात आणि ५५ अंशांची मान ७५ दिसते. दुसरा हात विरुद्ध बाजूच्या खांद्यावर हलका ठेवा.

प्रत्येक हालचालीला तीन गोष्टी लिहा: किती अंश, दुखलं ते कुठे, आणि ओढ जाणवली की दाब. उजवीकडे वळताना, उजवीकडे झुकताना आणि मागे बघताना उजव्याच बाजूला चिमटा बसत असेल, तर उजव्या बाजूचे लहान सांधे मिटताना अडतात. डावीकडे झुकताना उजवीकडे ओढ बसत असेल तर उघडणं अडतंय. पुढे मोबिलायझेशनची दिशा याच नोंदीवरून ठरते.

खांदाही इथेच तपासून मोकळा करा. हात डोक्यावर नेताना दुखतं आणि मान हलवल्यानं काही फरक पडत नाही, असं असेल तर रुग्ण चुकीच्या रकान्यात आलेला आहे.

पायरी ४: हातात लक्षणं असतील तर नसांची तपासणी

मानेत मणके ७ (वरून खाली सी१ ते सी७) आणि नसांची मुळं ८ (सी१ ते सी८). टी१ म्हणजे पाठीचा पहिला मणका. सी७ पर्यंतची मुळं आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आणि सी८ मूळ सी७ व टी१ यांच्या मधून. हा हिशोब पक्का नसला की एमआरआयमधलं "सी५-६" वाचून नवखा सी५ तपासत बसतो, जेव्हा तिथे दबतं ते सी६.

स्पर्शासाठी कापूस आणि टोचणीसाठी टूथपिक पुरे. सी५ दंडाच्या बाहेरच्या बाजूला, सी६ अंगठ्याला, सी७ मधल्या बोटाला, सी८ करंगळीला, टी१ कोपराच्या आतल्या बाजूला. ताकद: सी५ हात बाजूला उचलणं, सी६ मनगट वर, सी७ कोपर सरळ करणं, सी८ बोटं मिटणं, टी१ बोटं फाकवणं. प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद विरोध द्या. एका झटक्यात थोडी कमजोरी कळत नाही. रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर स्नायूला बसणारा झटका): बायसेप्स सी५-६, ब्रॅकिओरेडिअॅलिस सी६, ट्रायसेप्स सी७. मुळांमध्ये सर्वांत जास्त वेळा दबणारं मूळ सी७, म्हणून ट्रायसेप्सची ताकद दोन्ही हातांत नीट तुलना करून बघा.

त्यानंतर चार चाचण्यांचा संच. २००३ साली वेनर आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. दुखऱ्या बाजूला वळणं ६० अंशांपेक्षा कमी, स्पर्लिंग, डिस्ट्रॅक्शन (डोकं हातानं हलकं ओढल्यावर लक्षणं कमी होणं), आणि मीडियन नसेची ओढ चाचणी. त्या अभ्यासात तीन पॉझिटिव्ह आल्यावर नसेचं मूळ दबलेलं असण्याची शक्यता ६५ टक्के आणि चारही आल्यावर ९० टक्के निघाली. मीडियन चाचणी निगेटिव्ह असेल तर मूळ दबल्याचं निदान जवळपास बाजूला ठेवता येतं. म्हणून वेळ कमी असेल तर तीच आधी करा.

ही चाचणी घाईत केली तर काहीच सांगत नाही. रुग्ण उताणा. एका हातानं खांदा वर सरकू नये म्हणून स्थिर धरा, दाबू नका. दंड बाजूला ९० अंशांपर्यंत, मग तळहात वर, मनगट आणि बोटं मागे, दंड बाहेर फिरवा, आणि सगळ्यांत शेवटी कोपर हळूहळू सरळ. लक्षणं जिथे सुरू झाली तिथे थांबा. आता मान विरुद्ध बाजूला झुकवायला सांगा: लक्षणं वाढली, आणि त्याच बाजूला झुकवल्यावर कमी झाली, तरच नसेचा संबंध. निरोगी माणसालाही कोपर सरळ करताना पंजात मुंग्या येतात, तेव्हा नुसत्या मुंग्यांना पॉझिटिव्ह म्हणू नका. रुग्णाचं नेहमीचं दुखणं तसंच्या तसं जागं झालं का, आणि दोन हातांच्या कोपरांत १० अंशांहून जास्त फरक आहे का, हे बघा.

स्पर्लिंगमध्ये मान दुखऱ्या बाजूला झुकवून वरून हलका दाब. हातात लक्षणं आली तरच पॉझिटिव्ह. फक्त मान दुखली तर नाही. नुसतं झुकवूनच हात ठणकला असेल तर वरून दाबायची गरज उरत नाही.

पायरी ५: बोटांची तपासणी

रुग्ण पालथा, कपाळ दुमडलेल्या टॉवेलवर. मणके मोजायला कवटीच्या खाली मधल्या रेषेत पहिला ठळक उंचवटा लागतो तो सी२. खालून मोजायचं असेल तर रुग्णाला बसवून मान थोडी मागे न्यायला सांगा. बोटाखालून पुढे निसटतो तो सी६ आणि जागेवर राहतो तो सी७. मग प्रत्येक पातळीवर मध्यभागी आणि मधल्या रेषेपासून साधारण दीड-दोन सेंटीमीटर बाजूला अंगठ्यांनी हलका दाब. कुठे दुखतं, आणि शेजारच्या पातळीपेक्षा कुठे कडक लागतं. वरच्या पाठीचे पहिले चार मणके आणि पहिली बरगडीही सोडू नका. फवारणीचा पंप वाहणाऱ्यांत ती बरगडी बऱ्याचदा दुखरी लागते.

डोकेदुखी असेल तर फ्लेक्शन-रोटेशन चाचणी. रुग्ण उताणा, मान पूर्ण पुढे वाकवून डोकं तुमच्या पोटाला टेकवा आणि त्याच स्थितीत वळवा. वाकवल्यानं खालचे मणके अडकतात आणि वळणं प्रामुख्याने सी१-२ मधून होतं. निरोगी माणसात ते प्रत्येक बाजूला सुमारे ४४ अंश असतं. ३२ च्या आसपास किंवा कमी भरलं तर डोकेदुखीचा उगम तिथे शोधा. वळवताना मान थोडी जरी सरळ झाली तरी आकडा फसवतो.

मानेच्या पुढच्या बाजूच्या खोल स्नायूंसाठी: उताणं, गुडघे वाकवून, प्रेशर बायोफीडबॅकचा कफ (दाबाचा आकडा दाखवणारी फुगवायची पिशवी) मानेखाली कवटीला लागून, २० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवलेला. "हो" म्हणताना जशी मान हलते तशी हलकी हालचाल करून काटा २२, मग २४, २६, २८, ३० वर नेऊन प्रत्येक ठिकाणी १० सेकंद धरायचा. तुमची दोन बोटं गळ्याच्या पुढच्या मोठ्या स्नायूवर ठेवा. तो उठून आला, जबडा आवळला, श्वास रोखला किंवा डोकं उचललं गेलं, तर ती पातळी जमली नाही असं लिहा. बायोफीडबॅक नसेल तर बीपीच्या यंत्राचा कफ घडी करून वापरता येतो. आकड्यांची अचूकता कमी, पण शिकवायला पुरतो. सहनशक्ती बघायची असेल तर हनुवटी आत घेऊन डोकं गादीपासून सुमारे अडीच सेंटीमीटर उचलून धरायला सांगा आणि सेकंद मोजा. मानदुखी नसलेली माणसं सरासरी ३९ सेकंद धरतात, मानदुखीची २४ च्या आसपास.

पायरी ६: गट ठरवा, मग उपचार

अमेरिकेतल्या फिजिओथेरपी संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत (२००८, सुधारित २०१७) मानदुखीचे चार गट केलेले आहेत, आणि ते रोजच्या कामात चांगले चालतात.

*हालचाल अडलेला गट.* ओपीडीत हा नेहमी भेटतो, "सकाळी उठलो आणि मान धरली". समजा शिलाईकाम करणाऱ्या बाई आहेत. उजवीकडे ५० अंश, डावीकडे ७५. मागे आणि उजवीकडे बघताना उजव्या बाजूला चिमटा, सी५ च्या उजव्या बाजूला दाबल्यावर नेमकं तेच दुखणं. इथे उजव्या सी५ वर एकाच बाजूचं पुढच्या दिशेचं मोबिलायझेशन. दुखणं जास्त असेल तर ग्रेड १-२ (कडकपणा लागण्याआधीच थांबणारी हलकी आंदोलनं), कडकपणा जास्त असेल तर ग्रेड ३ (कडकपणात शिरणारी मोठी आंदोलनं). सेकंदाला सुमारे दोन आंदोलनं, ३० सेकंद ते १ मिनिट. मग लगेच उठवून बसवा आणि उजवीकडचं वळणं पुन्हा मोजा. ६० झालं तर तंत्र बरोबर, अजून दोन फेऱ्या करा. तसंच राहिलं तर पातळी बदला किंवा वरच्या पाठीवर या. मिळालेले १० अंश घरी टिकवायला तीच हालचाल १० वेळा, दिवसातून चार-पाचदा, मशीनवरून उठण्याच्या प्रत्येक वेळी. हे दिलं नाही तर संध्याकाळपर्यंत मान पुन्हा ५० वर येते आणि बाई रोज तुमच्याकडे 'मोकळी करून घ्यायला' येत राहतात.

वरच्या पाठीचं झटक्याचं मॅनिप्युलेशन या गटात उपयोगी आहे, पण अनुभवी माणसाच्या देखरेखीत शिकल्याशिवाय करू नका. मानेचं झटक्याचं मॅनिप्युलेशन तर सुरुवातीच्या वर्षांत नकोच. मोबिलायझेशन आणि व्यायामानं बहुतेक काम होतं.

*मानेच्या स्नायूंवरचा ताबा कमी झालेला गट.* यात गाडीच्या मागून धडकेनंतर मान हिसकलेले रुग्ण येतात. बहुतेकांचं दुखणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरंच उतरतं, हे स्पष्ट सांगा आणि नेहमीची कामं लवकर सुरू करायला लावा. खोल स्नायूंचा व्यायाम वर सांगितलेल्या चाचणीसारखाच: ज्या पातळीवर नीट जमतं तिथून सुरू, १० सेकंद १० वेळा, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. दोन आठवड्यांनी फऱ्याचे स्नायू: थेराबँडनं (रबरी पट्ट्यानं) रोइंग, १० ते १५ वेळा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. थेराबँड परवडत नसेल तर एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे वाकून कोपर मागे न्यायला शिकवा.

*डोकेदुखीचा गट.* सी१-२ चा सेल्फ-स्नॅग शिकवा. टॉवेलची कड कवटीच्या अगदी खाली. उजवीकडचं वळणं अडलं असेल तर टॉवेलचं डावं टोक उजव्या हातानं गालाच्या पातळीवर पुढे-उजवीकडे ओढा, उजवं टोक डाव्या हातानं छातीशी स्थिर धरा, आणि ओढत असतानाच डोकं उजवीकडे वळवा. शेवटी ३ सेकंद थांबा. दोनदा, सकाळ-संध्याकाळ. हे करताना दुखता कामा नये. दुखलं तर टॉवेल बहुधा खाली घसरलेला असतो.

*हातात उतरणारा गट.* बहुतेक रुग्णांचं हे दुखणं शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कमी होतं. झोपताना हात डोक्यावर ठेवून आराम मिळत असेल तर तशीच उशी लावून द्या. नसेचे स्लायडर (नस न ताणता पुढे-मागे सरकवायचे व्यायाम) द्या: कोपर सरळ होताना मान त्याच बाजूला, कोपर वाकताना विरुद्ध बाजूला, १० वेळा दोन फेऱ्या, मुंग्या मागे राहता कामा नयेत. नस ताणून धरायचे व्यायाम पहिल्या दिवसांत देणं हे या गटातलं नेहमीचं बिघाडाचं कारण.

ट्रॅक्शन, शेक, पट्टा

ट्रॅक्शन हातात उतरणाऱ्या जुन्या दुखण्यात, व्यायामाच्या जोडीनं द्यायचं. सरसकट प्रत्येक मानेला नाही. रुग्ण उताणा, मान १५ ते २५ अंश पुढे, पहिल्या दिवशी ४-५ किलो, थांबत-ओढत, १० ते १५ मिनिटं. ओढ कवटीच्या मागच्या बाजूवर यायला हवी. हॉल्टर (डोक्याला लावायचा ट्रॅक्शनचा पट्टा) हनुवटीवर ओढत असेल तर संध्याकाळी रुग्ण जबडा दुखतो म्हणून येतो. कवळी असेल तर आधी विचारा. मज्जारज्जूवर दाब, ऱ्हुमॅटॉइड, क्षयरोग, गाठ, ठिसूळ हाडं, ताजी इजा असेल तर ट्रॅक्शन नाही. ट्रॅक्शनमध्ये हातातली लक्षणं बोटांकडून मानेकडे सरकली तर चालू ठेवा. बोटांकडे सरकली तर त्याच क्षणी थांबवा.

हॉट पॅक १५-२० मिनिटं, टॉवेलचे सहा ते आठ थर. मधुमेहाच्या रुग्णाला पॅक ठेवण्याआधी गरम-गार कळतं का ते परीक्षानळीनं बघा. शॉर्टवेव्ह (यंत्रानं दिलेला खोल शेक) असेल तर पेसमेकर, गर्भारपण, शरीरातलं धातूचं इम्प्लांट विचारा आणि अंगावरचा सगळा धातू, श्रवणयंत्रासकट, बाजूला काढा. शेकानं आलेल्या पंधरा मिनिटांच्या सैलपणातच व्यायाम करून घ्यायचा. शेक देऊन रुग्णाला घरी पाठवणं म्हणजे तो वेळ वाया घालवणं.

मानेचा पट्टा महिनोन्महिने लावणारे रुग्ण भेटतील. फार दुखणाऱ्या हातात उतरणाऱ्या गटात थोडे दिवस, प्रवासापुरता, ठीक. एरवी दिवसाला काही तास कमी करत तो सोडवा. पट्ट्यातली मान दोन-तीन आठवड्यांत आळसावते आणि पट्टा काढल्यावर दुखते, आणि मग पट्टा काढला म्हणून दुखलं असं रुग्णाला वाटतं.

एक्स-रेतल्या "गॅप" आणि "झीज" या शब्दांनी रुग्ण घाबरलेला असतो. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचा एमआरआय केला, तेव्हा ८७.६ टक्के लोकांमध्ये गादी थोडी फुगलेली दिसली. हा आकडा रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा: "काकू, केस पांढरे होतात तसंच हे आतलं आहे. दुखणं त्यामुळेच आहे असं नाही, आणि मान हलवल्यानं ते वाढणार नाही." मान न हलवता जपणारा रुग्ण याच वाक्यानंतर मोकळेपणी वळायला लागतो, असं वारंवार दिसतं.

उशीचा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याएवढी उंची, म्हणजे नाक छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत. उताणं झोपणाऱ्याला त्यापेक्षा कमी. महागडी 'सर्व्हायकल' उशी घ्यायलाच हवी असं नाही. सुती उशीत घडी केलेली चादर घालून उंची जुळवता येते.

पुढच्या भेटी

प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला पहिल्या दिवशी निवडलेली एक हालचाल आणि एक काम पुन्हा मोजा. दुखण्याच्या गुणांत दोन गुणांचा फरक म्हणजे खरा फरक. हातात उतरणाऱ्या रुग्णाची ताकद आणि रिफ्लेक्स दर भेटीला बघा, गेल्या वेळी चांगले होते म्हणून सोडू नका. चार ते सहा भेटींत काहीच हललं नाही तर उपचार तसाच पुढे रेटू नका. पायरी १ पासून पुन्हा तपासा, गट चुकलेला असण्याची शक्यता सगळ्यांत मोठी. ताकद कमी होत चालली असेल, दोन्ही हातांत किंवा पायांत लक्षणं आली असतील, लघवीचा ताबा बिघडला असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी पाठवा.

पाठवताना "मानदुखी, कृपया बघावं" एवढीच चिठ्ठी देऊ नका. त्यात लिहा: लक्षणं कधीपासून, कुठली बोटं, कुठल्या स्नायूची ताकद पाचपैकी किती आणि दुसऱ्या हाताची किती, कुठला रिफ्लेक्स कमी किंवा वाढलेला, हॉफमन आणि बॅबिन्स्की काय आले, चाल कशी आहे, १० सेकंदांत मूठ किती वेळा झाली, आतापर्यंत काय उपचार केले आणि त्यानं काय बदललं. चिठ्ठीची एक प्रत फाइलला लावा, आणि रुग्णासोबत आलेल्या माणसाला ती कुठे, किती दिवसांत दाखवायची ते तोंडी सांगा.